धुराची पत्रिका

तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते इंदापूरच्या एसटी स्टँडवर सोलापूर गाडीच्या मागे डोळे मिटून उभे होते. गाडी चालू होती आणि धूर सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. मी बारामतीहून नुकतीच उतरले होते. मला वाटलं, माणसाला भोवळ येतेय. धावत जाऊन त्यांचा दंड धरला, तर डोळे न उघडताच त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"थांबा वाईच. वास घिऊ द्या."

मग छाती भरून धूर ओढला, खोकले, डोळे पुसले आणि ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन ओरडले, "पाव्हणं, तिसरा नोझल गळतोय! डेपोत गेल्यावर सांगा!"

"तात्या, काल दुसरा म्हनला व्हता!"

"काल गाडी दुसरी व्हती!"

ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला आणि गाडी काढली. मी शेजारच्या पानवाल्याला विचारलं, हे कोण? तो चुना लावता लावता म्हणाला, "तात्या हायत. म्हंजी चार वाजलं." दुपारचे चार वाजलेत हे कळायला त्या भागात घड्याळ लागत नसे. तात्या स्टँडवर धूर घ्यायला आले की चार.

पुढची गंमत म्हणजे मला जी जागा भाड्यानं बघायची होती, ती याच गृहस्थांची निघाली. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा एखाद्या मुलीनं कॉम्प्युटर क्लास काढला म्हणजे ती अमेरिकेच्या वाटेला लागली असं लोकांना वाटायचं. मी इंदापूरपर्यंत पोचले होते. तात्यांनी मला रस्त्याकडच्या माडीवरची खोली दाखवली आणि भाड्याचं काही न बोलता दोन अटी घातल्या. क्लास सुटल्यावर एक मशीन त्यांचं, आणि त्यांची मुलगी संगीता क्लासला फुकट बसणार. पहिली अट मला जाचक वाटली आणि दुसरी सोपी. प्रत्यक्षात उलटं झालं. संगीता थोड्याच दिवसांत माझ्या चुका काढायला लागली, आणि नंतर नंतर तर मी नसताना तीच क्लास घ्यायची आणि पोरं म्हणायची, मॅडम, तुम्ही गावाला जात जा.

तात्या पुण्याकडच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. बॉयलरच्या धुराड्यातून किती धूर जातो हे दाखवणारे काटे सांभाळायचे, हे त्यांचं काम. नोकरी लवकर सोडून ते गावी आले आणि बघतात तो काय, जिकडेतिकडे धुराडी. ट्रॅक्टर, ट्रक, डिझेलचे पंप, मळणीयंत्रं. आणि एकाही धुराड्याला काटा नाही! हे दुःख त्यांना रात्रंदिवस सलत असे. एखाद्याचं पोर शाळेत जात नाही म्हणून आपण हळहळावं, तसे ते "ह्या ट्रॅक्टरचा धूर कुणीच मोजला न्हाय वो आजवर" असं हळहळत.

मी एकदा विचारलं, "तात्या, मोजून करायचं काय?"

ते म्हणाले, "मॅडम, आमचा आजा मेंढरामागं हिंडला. रोज सांजंला वाड्यात घालताना एकेक मेंढरू मोजायचा. मोजल्याबिगार भाकरीला हात लावत नव्हता. त्याला कुणी म्हनलं का, मोजून करतोस काय?"

 

तर या धूर मोजण्यासाठी तात्यांनी एक यंत्र बनवलं होतं. जेवणाचा ॲल्युमिनियमचा डबा, आत सर्किट, बाहेर वायरी. एका वायरीच्या टोकाला स्कूटरचा बारीक बल्ब आणि समोर प्रकाश ओळखणारा सेल. हे दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी बसवायचं. मधून धूर गेला की बल्बचा उजेड सेलला कमी दिसे, आणि किती कमी दिसला ते डबा लक्षात ठेवी. दुसऱ्या वायरीला जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई. ती इंजिनाला चिकटवली की थरथर मोजायची. इंजिन बंद आहे, नुसतं उभ्याउभ्या चालू आहे की ओझं ओढतंय, ते त्यावरून कळे. तिसरी वायर रेडिएटरला, तापमानासाठी. आत एक घड्याळ. असा डबा आठ दिवस ट्रॅक्टरला बांधून ठेवायचा, मग आणून आमच्या कॉम्प्युटरला जोडायचा. मी आणि संगीतानं बेसिकमध्ये लिहिलेला प्रोग्राम त्याचा आलेख काढी आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत लांबच लांब कागद सोडी. सुटे भाग आणायला तात्या पहिल्या एसटीनं पुण्याला जात. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून कागदाच्या पुडीत ट्रान्झिस्टर बांधून आणत आणि येताना ती पुडी मांडीवर धरून बसत. एकदा शेजारच्या बाईनं ते शेंगदाणे समजून मागितले म्हणे.

डब्यावर तात्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. "माणसाचं तोंड बघू नये, धुराडं बघावं," असं ते म्हणत. दुसरं आवडतं वाक्य होतं, "इंजिन खोटं बोलत न्हाय. त्याला आत्या-मावशी न्हाईत." आत्या-मावशांनी तात्यांना आयुष्यात काय त्रास दिला होता, देव जाणे.

हे सगळं ट्रॅक्टरपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. त्यांनी एकदा काकूंच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, चुलीच्या वर बल्ब आणि सेल टांगला आणि धूर वाढला की वाजणारी घंटा बसवली. पहिल्या भाकरीला घंटा वाजली. दुसऱ्या भाकरीला वाजली. वांग्याला फोडणी दिल्यावर जी वाजायला लागली ती थांबेना. शेजारचे लोक शाळा सुटली की काय म्हणून बघायला आले. काकूंनी उठून उलथन्यानं घंटा, बल्ब, सेल असं सगळं एकदम उतरवलं आणि म्हणाल्या, "आता मोजा. उपास कसा मोजत्यात ते बघू." त्या दिवशी तात्या माझ्याकडे येऊन बिस्किटं खाऊन गेले.

आणि ते लग्न! गोरज मुहूर्त, मांडवात लाइट गेलेली, जनरेटरवर सगळं चाललेलं. तात्या आहेर घेऊन आले होते, पण कान आणि नाक जनरेटरकडे. मंगलाष्टकं ऐन रंगात आली आणि तात्यांना धूर असह्य झाला. त्यांनी सरळ जाऊन जनरेटर बंद केला. मांडवात काळोख. भटजींचा "शुभ मंगल" घशातच राहिला, पण मागच्या लोकांना वाटलं झालंच, म्हणून त्यांनी अक्षता टाकल्या आणि वाजंत्रीवाल्यांनी वाजवायला घेतलं. तात्या अंधारात एअर फिल्टर साफ करत होते. उजेड आला तेव्हा नवरीची माळ भटजींच्या गळ्यात होती. वरपक्ष खवळला. तात्या हातातली काजळी सगळ्यांना दाखवत फिरत होते, "बघा की, केवढी निघाली!" त्यांना खरंच वाटत होतं की लोक आभार मानतील.

अशा माणसाच्या घरात लग्नाची मुलगी असल्यावर काय होणार?

संगीतासाठी स्थळं येऊ लागली, तशी तात्यांनी जाहीर करून टाकलं की आपण पत्रिका बघणार नाही. गावाला वाटलं, वा, किती सुधारक माणूस. मग त्यांनी पुढचं वाक्य उच्चारलं. बघण्याच्या कार्यक्रमाआधी मुलाच्या ट्रॅक्टरला आठ दिवस डबा बांधायचा. डब्यातून जो कागद निघेल, तीच पत्रिका. आत काय काय मोजलं जातं हे मुलाला सांगायचं नाही, अशी मला आणि संगीताला ताकीद होती. काकूंनी डोक्याला पदर बांधला आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, "पोरीचं लगीन हाय का पीयूसी?"

लोक हसले, पण डबा बांधून घ्यायला तयारही झाले. एक तर संगीता दिसायला-वागायला लाखात एक, आणि दुसरं म्हणजे लोकांना आपला ट्रॅक्टर चांगलाच आहे असं वाटत असतं. मग एकेक पत्रिका निघू लागली.

कोऱ्हाळे बुद्रुककडचं एक बागायतदार घर होतं. उसाचे मोठे शेतकरी, माणसं अतिशय सज्जन आणि धार्मिक. त्यांचा डबा आला, मी जोडला, तर आलेख सपाट. आठ दिवस इंजिनाची एक थरथर नाही, धूर नाही. फक्त रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी तापमान जरासं वर जाऊन खाली आलेलं. तात्या कागद घेऊन विचार करत बसले. मग खुलासा झाला. एवढी महागाची वस्तू ट्रॅक्टरवर चोरीला जाईल, खराब होईल म्हणून त्या लोकांनी डबा आल्याबरोबर सोडवून देव्हाऱ्यात ठेवला होता. हळदकुंकू वाहून दोन वेळा निरांजन ओवाळत होते. तात्या म्हणाले, "घर चांगलं हाय, पन त्यांच्या ट्रॅक्टरविषयी मला काय बी कळलं न्हाय." स्थळ गेलं. डब्याला मात्र पुढे कितीतरी दिवस कापराचा वास येत होता.

एकानं शेजाऱ्याचा कोरा ट्रॅक्टर आणून डबा त्याला बांधला. पाचव्या दिवशी शेजाऱ्यानं आपला ट्रॅक्टर परत नेला आणि डबा मूळ मालकाच्या जुन्या डबड्यावर आला. कागदावर चार दिवस चांदणं आणि पुढे अमावास्या. एकाचा ट्रॅक्टर उत्तम होता, धूर बेताचा, पण रोज दुपारी ढाब्यावर चहा पिताना इंजिन चालूच. यावर तात्यांचा जो निकाल आला तो तालुक्यात गाजला. "ज्यो गडी चा पिताना इंजिन बंद करत न्हाय, त्यो संसारात काय बंद करनार?" उभ्या इंजिनाचा धूर ही तात्यांच्या लेखी सगळ्यात मोठी खोट होती. ओढताना धूर निघाला तर कामाचा धूर. नुसतं उभं राहून काढला तर तो माजाचा.

एका शाळामास्तराकडे ट्रॅक्टरच नव्हता. त्याच्या मोपेडला डबा बांधला. तो चढावर इंजिन बंद करून पेडल मारतो असं निघालं. "ज्याला स्वतःच्या इंजिनाचा भरवसा न्हाय..." इथपर्यंत तात्या बोलले आणि काकूंनी मधेच आतून भांडं आपटलं.

या सगळ्यात फायदा झाला तो हायवेवरच्या गॅरेजवाल्याचा. मुलगा लग्नाचा झाला की लोक आधी इंजिनाचं काम काढायचे. त्यानं दिवाळीला तात्यांना मिठाई पाठवली. काकूंनी ती तशीच परत धाडली आणि माझ्यापाशी बसून रडल्या. "मॅडम, ह्या माणसाच्या धुरात माझ्या पोरीचं वय चाललंय वो." मला तेव्हा तात्यांचा भयंकर राग आला होता. अजूनही आठवलं की थोडा येतो.

संगीता मात्र रडत नव्हती, कारण तिचं वेगळंच चाललं होतं. हे मला माहीत होतं आणि त्या रस्त्यावरच्या बहुतेकांना माहीत होतं. फक्त दुपारी चार वाजता जो माणूस स्टँडवर एसटीचे धूर घेत उभा असायचा, त्याला माहीत नव्हतं.

संगीताचं ज्याच्याशी जमलं होतं, त्याचं नाव दत्ता. मूळचा कऱ्हाटीचा. त्याचंही घर तात्यांच्या घरासारखंच, आज्यापर्यंत मेंढरांमागं, मग शेती, मग जुना ट्रॅक्टर. गळीत हंगामात ऊस ओढायला आमच्या बाजूला आलेला. ड्रायव्हर लोकांचे क्रिकेटचे सामने भरवायचे म्हणून तो क्लासमध्ये पत्रक छापून घ्यायला आला. संगीतानं छापून दिलं. दुसऱ्या दिवशी तो दुरुस्ती घेऊन आला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. शेवटी सामने होऊन गेले, कोण जिंकलं हेही लोक विसरले, तरी याच्या पत्रकात दुरुस्त्या निघतच होत्या. मग मीच सांगितलं की बाबा रे, आता वर येऊ नकोस, लोक बोलायला लागले. तेव्हापासून तो खाली रस्त्यावर थांबू लागला. कारखान्याच्या आवारात ट्रॉल्या नंबराला लावायच्या, नुसतं ट्रॅक्टरचं हेड घेऊन यायचं आणि चारच्या सुमाराला आमच्या खिडकीखाली उभं राहायचं. इंजिन चालूच. तो खालून बोले, ही वरून बोले, आणि इंजिनाच्या आवाजात ते बोलणं कुणालाच ऐकू येत नसे, त्यांनासुद्धा. मी खोकत खोकत पोरांना डॉसच्या कमांड शिकवत असे.

शेवटी संगीतानं त्याला चिठ्ठीचपाटी न करता रीतसर निरोप दिला, मामाला पाठव. मामा आला, स्थळ म्हणून आला, चहा झाला. तात्यांनी डबा पुढे केला.

आता खरी पंचाईत. दत्ता बाहेरून आलेला, ढाब्यावर चहा पिणाऱ्याचा निकाल त्याच्या कानावर गेला नव्हता; त्याला वाटलं डबा नुसता धूर मोजतो. त्यानं नोझल साफ करून घेतले, फिल्टर बदलला आणि निर्धास्त झाला. डबा बांधलेला ट्रॅक्टर घेऊन गडी पहिल्याच दिवशी चार वाजता खिडकीखाली हजर! वर कौतुकानं डब्याकडे बोट दाखवतोय. संगीतानं कपाळाला हात लावला. ती खिडकीतून हातानं किल्ली फिरवल्यासारखी खूण करायला लागली, बंद कर, बंद कर. याला ती काहीतरी प्रेमाची खूण वाटली. त्यानंही तशीच खूण करून दाखवली. आठ दिवस हेच. ही किल्ली फिरवतेय, तो किल्ली फिरवतोय, आणि रेकॉर्ड प्लेअरची सुई इमानानं सगळं टिपून घेतेय.

डबा परत आला त्या दिवशी तात्या शेतावर होते. आम्ही दोघींनी तो जोडला. आलेख पडद्यावर उमटत गेला तसा माझा जीव वर-खाली व्हायला लागला. धूर बेताचा. सकाळी सगळ्यांच्या आधी इंजिन सुरू. रेडिएटर कधी तापला नाही. एवढी चांगली पत्रिका आजवर निघाली नव्हती. आणि रोज चारला, रविवार सोडून, उभ्या इंजिनाचा तो सपाट लांबलचक पट्टा.

मी म्हटलं, "संगीता, पुसून टाक. चार ओळींचं काम आहे. मी पुसते हवं तर."

ती पडद्याकडे बघत राहिली. "न्हाय मॅडम."

"वेडी आहेस का? तात्या या एका पट्ट्यावर नाही म्हणतील. ढाब्यावर चहा पिणाऱ्याला काय म्हणाले आठवतंय ना?"

"आठवतंय. म्हनूनच. त्या पोराचा पट्टा मीच छापला व्हता. त्याचा खरा छापायचा आन माझ्या मानसाचा पुसायचा व्हय?" ती माझ्याकडे वळली. "तात्यांना लोक येडं म्हनत्यात, मॅडम. पर त्यांच्या डब्याला आजवर कुनी खोटं म्हनलं न्हाय. ते मी करू?"

आणि तिनं छापायची आज्ञा दिली. त्या प्रिंटरची करकर मला त्या दिवशी जितकी नकोशी झाली तितकी कधी झाली नाही. 

तात्यांनी कागद वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत गेला, आणि पट्ट्यापाशी येऊन विझला. "पोरगं सोन्यासारखं हाय," ते म्हणाले, "पन कायतरी येसन हाय." काकूंनी हात जोडले, मामा दोनदा येऊन गेला, पण तात्यांचं एकच. आधी हे इंजिन रोज कुठं उभं राहतं ते मला कळू द्या, मग बोलू. दत्ताला विचारायची त्यांची तयारी नव्हती, कारण माणसाला विचारलं की माणूस खोटं बोलतो.

मग ते शोधाला लागले. एसटीचे धूर बंद झाले. ड्रायव्हर लोक काळजीनं विचारायला लागले, तात्या आजारी हायत का? तात्या चार वाजता देशी दारूच्या दुकानासमोर उभे राहून बघत. मटक्याच्या टपरीपाशी बघत. त्यांना छळत होता तो रविवार. "दारूचं दुकान रविवारी जास्त चालतं. मंग ह्यो रविवारी उभा का ऱ्हात न्हाय?" रविवारी बंद काय असतं, याचा त्यांनी विचार केला. बँक. बँकेत जाऊन साहेबांना विचारून आले की रोज चार वाजता इथं कुणी ट्रॅक्टर लावतं का. मग पोस्ट, मग तहसील कचेरी, मग शाळा. शाळेच्या बाईंना वाटलं, मुलं पळवणारा माणूस आहे.

आणि एका दुपारी ते स्वतःच्याच घरासमोर येऊन थांबले. माडीच्या खाली माझ्या क्लासचा बोर्ड होता. पिवळ्यावर निळी अक्षरं. त्याची खालची ओळ केव्हाची काळी पडली होती. मी पेंटरला हायवेची धूळ म्हणून सांगत असे. तात्यांनी बोर्डवरून बोट फिरवलं. बोटाकडे बघितलं. मग डोळे मिटून वास घेतला. मी खिडकीतून बघत होते. मला पळून जावंसं वाटलं.

त्यांनी आतून खुर्ची आणली, बोर्डाखाली मांडली आणि बसले. काकू दारात आल्या. संगीता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.  चार वाजता कोपऱ्यावरून ट्रॅक्टरचा आवाज आला.

दत्तानं तात्यांना बघितलं तेव्हा तो अगदी समोर आला होता. मागे वळवायला जागा नव्हती. तो खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. इंजिन धडधडतच होतं.

तात्या ओरडले, "बंद कर त्ये!"

"तात्या, बंद केला तर चालू व्हायचा न्हाय. बॅटरी उतरलीया. स्टार्टर फिरत न्हाय."

"म्हनून रोज चालू ठिवतोस?"

"व्हय."

"मंग त्या पल्याडच्या उतारावर का लावत न्हाईस? तितं बंद करायचा. निघताना गेर टाकून सोडला की आपसूक चालू व्हतोय! एवढी अक्कल न्हाय?"

"हाय की," दत्ता खाली बघत म्हणाला. "पन उतारावरनं खिडकी दिसत न्हाय."

 तात्यांनी मान वर करून खिडकीकडे बघितलं. खिडकीत आम्ही दोघी.

"आन रविवारी?" त्यांनी विचारलं, पण आवाज उतरला होता.

"रविवारी खिडकी बंद असती."

 तात्यांनी खुर्चीतूनच हाक मारली, "संगे, खाली ये." ती खाली गेली, पाठोपाठ मीही. "हे डब्यात येनार, तुला ठावं व्हतं?"

"व्हय, तात्या."

"कॉम्प्युटर तुझ्या हातात व्हता. मंग पुसलं का न्हाईस?"

"तुमचा डबा हाय," ती म्हणाली. "कसं पुसू?"

तात्यांचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. उठून ट्रॅक्टरपाशी गेले आणि इंजिन स्वतःच बंद केलं. अख्खा रस्ता एकदम शांत झाला. पाहता पाहता त्यांनी बाह्या सारल्या आणि मागच्या चाकाला खांदा लावला.

"बघता काय? ढकला की! तू वर बस रं."

काकू पदर खोचून सगळ्यात आधी धावल्या. एका बाजूला त्या, एका बाजूला संगीता, मधे मी आणि पानवाला, आणि चाकाशी तात्या हेऽऽ हेऽऽ करत जोर देताहेत. ट्रॅक्टर हलला, सरकला, पळायला लागला. दत्तानं क्लच सोडला तसा इंजिनानं एक आचका दिला आणि साठलेल्या काळ्या धुराचा लोट वाऱ्यानं फिरून थेट तात्यांच्या तोंडावर आला.

ते तिथंच थांबले. तोंड काळंकुट्ट, डोळे मिटलेले. त्यांनी छाती भरून तो धूर ओढला. 

"नोझल झकास हायत," तात्या म्हणाले, मग डोळे उघडून पुढे चाललेल्या ट्रॅक्टरमागे ओरडले, "बॅटरी नवी घाल! आन येत्या रविवारी ये, घरच्यांना घिऊन! खिडकी उघडी ठिवतो!"